रस्सीखेचीत पहिल्यांदा उतरताय? आधी बूट तोला

आमच्या मंडळाच्या रस्सीखेचीत मी एकदा आठ पैलवान उतरवले होते. अगदी फेटा बांधलेले नव्हेत, पण रोज पहाटे तालमीत घाम गाळणारी पोरं. दंड भरलेले, मांड्या कणखर. समोर बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या दुकानदारांचा संघ: फरसाणवाले, कापडवाले, एक स्टेशनरीवाले काका. वयं चाळिशीच्या पुढे आणि पोटं त्याच्याही पुढे. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, खाली ओली कोटा फरशी, आणि आमची पोरं "तालमीतली सवय आहे, काका" म्हणत अनवाणी. दुकानदार मात्र आपापल्या मुलांचे जुने स्पोर्ट्स शूज घालून आलेले. शिट्टी वाजली आणि वीसेक सेकंदांत आमचे आठही जण, रस्सी जराही न सोडता, उभ्याउभ्या घसरत समोरच्या रेघेपलीकडे गेले.

मी तेव्हा शाळेत नववीला विज्ञान शिकवत होतो. घर्षणाचा धडा त्याच आठवड्यात संपवला होता. घरी आल्यावर बायकोने एवढंच विचारलं, "धडा शिकवलात कोणाला?"

त्यानंतर दरवर्षी गणपतीच्या पंधरा दिवस आधी नव्या मुलामुलींना मी ज्या क्रमाने तयार करतो, तो क्रम इथे लिहून ठेवतोय. तुम्ही आयुष्यात रस्सी धरली नसेल तरी चालेल. उलट बरंच, मोडायच्या सवयी कमी.

पहिला दिवस: रस्सीला हात लावायचा नाही

पहिल्या दिवशी मी चाकांच्या दोन खुर्च्या मागवतो, कॉम्प्युटरपुढे असतात तसल्या. एकीवर आडदांड मुलगा बसतो, दुसरीवर त्याच्या निम्म्या वजनाची मुलगी. दोघांच्या हातात एक ओढणी, पाय जमिनीपासून वर. मुलाला सांगतो, ओढ. मुलीला सांगतो, तू फक्त धरून ठेव. काय होतं? दोघंही एकमेकांकडे सरकतात. मुलगी जास्त सरकते, मुलगा कमी, पण सरकतो. नंतर उलटं करतो: ओढायचं तिने, धरायचं त्याने. चित्र तेच.

ओढणीचा ताण दोन्ही टोकांना सारखाच असतो. तुम्ही समोरच्याला जेवढ्या जोराने ओढता, तेवढ्याच जोराने तो तुम्हाला ओढतो, त्याची इच्छा असो वा नसो. न्यूटनचा तिसरा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण रस्सी हातात आली की कोणाचाच त्यावर विश्वास उरत नाही. "आम्ही जास्त जोराने ओढलं म्हणून जिंकलो" असं प्रत्येक विजेता म्हणतो. रस्सीला विचाराल तर ती म्हणेल, मला दोन्हीकडून सारखंच ताणलं होतं. रस्सीचं स्वतःचं वजन माणसांपुढे किरकोळ असल्यामुळे यात फारसा फरक पडत नाही.

१६५७ साली माग्देबुर्ग गावात ओटो फॉन गेरिके या गृहस्थांनी तांब्याचे दोन अर्धगोल जोडले, आतली हवा काढली आणि ते सुटावेत म्हणून दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले. गोल सुटेनात, बघणारे थक्क. आता सांगा, एका बाजूचे आठ घोडे सोडून ते टोक भक्कम भिंतीला बांधलं असतं तर ओढ कमी झाली असती का? नसती. भिंतीनेही आठ घोड्यांएवढंच ओढून धरलं असतं. बाकीचे आठ घोडे शोभेचे होते. वर्गात हे सांगितलं की निम्मी मुलं मान डोलावतात आणि निम्मी मला वेड्यात काढतात. वेड्यात काढणारी पुढे चांगली ओढतात, असा माझा अनुभव आहे. ती निदान विचार करत असतात.

ताण सारखाच, तर मग हरतं कोण? ज्याचे पाय आधी सुटतात तो. रस्सी दोघांना सारखी ओढते, जमीन मात्र दोघांना सारखी धरत नाही.

आपल्याकडे म्हातारी माणसं म्हणतात, पाण्यात असलेली मगर हत्तीलाही ओढून नेते आणि बाहेर काठावर आली की तिला कुत्रंही हुसकावतं. आम्हा बडोदेकरांना विश्वामित्री नदीच्या कृपेने मगरी पुराणातून आणाव्या लागत नाहीत. म्हणीचा अर्थ घर्षणाच्या भाषेत लावला तर एवढाच, की ओढाओढ करण्यापूर्वी पायाखाली काय आहे ते बघ.

दुसरा दिवस: बूट तोला

हा सगळ्यात महत्त्वाचा दिवस आणि मुलांना सगळ्यात कंटाळवाणा वाटणारा. लागणारं सामान: ज्या बुटांनी खेळणार तो एक बूट, दोन किलो तांदळाची पिशवी आणि विमानप्रवासापूर्वी बॅग तोलायचा तो लटकता काटा.

तांदळाची पिशवी बुटात घट्ट बसवा आणि काट्यावर सगळं मिळून वजन घ्या. समजा २.४ किलो भरलं. आता बूट जिथे खेळायचंय त्याच जमिनीवर ठेवा. दुसऱ्या गल्लीतल्या फरशीचा आकडा इथे चालणार नाही. काट्याचा हूक नाडीत अडकवा आणि जमिनीला समांतर, हळूहळू ओढा. बूट सुटण्याच्या आधीच्या क्षणी काटा किती दाखवतो ते बघा. समजा १.८ किलो. १.८ भागिले २.४, म्हणजे ०.७५. हा तुमच्या बुटाचा त्या जमिनीवरचा घर्षणांक. अर्थ असा: तुमच्या वजनाच्या पाऊणपट ओढ लागेपर्यंत ही जमीन तुम्हाला धरून ठेवेल, त्यापुढे नाही. वजन ६० किलो असेल तर ४५ किलो. दंड कितीही फुगवा, ४५ च्या वर गेलात की घसरलात.

इथे आणि पुढे 'किलोची ओढ' म्हणजे तेवढ्या वजनाइतकं बल. न्यूटनमध्ये हवं असेल तर ९.८ ने गुणा.

काट्याकडे नीट लक्ष दिलंत तर आणखी एक गोष्ट दिसेल. बूट एकदा सरकायला लागला की आकडा खाली येतो, १.८ वरून दीडच्या आसपास. थांबलेल्या वस्तूला हलवायला जास्त जोर लागतो, हललेलीला ढकलत न्यायला कमी. पुस्तकात यांना स्थितिक आणि गतिक घर्षण म्हणतात. मैदानावर याचा अर्थ कठोर आहे: पाय एकदा घसरला की जमीन तुम्हाला आधीपेक्षाही कमी धरते. म्हणून घसरताना जास्त जोर लावणं हा सगळ्यात वाईट उपाय. जोर क्षणभर कमी करा, पाय पुन्हा रोवा, मग ओढा. हे सांगायला सोपं आहे. करायला मात्र आठवडा लागतो, कारण घसरणारा माणूस घाबरलेला असतो.

मग हाच प्रयोग वेगवेगळ्या गोष्टींवर करून बघा: चामडी चप्पल, झिजलेला बूट, नवा बूट, मोजे, ओली फरशी, फरशीवर सांडलेली रांगोळी. रांगोळीचा आकडा बघून आमच्या मंडळातल्या बायकांनी मैदानाकडची रांगोळी आपणहून हलवली. बारीक कोरडे कण गोळ्यांसारखे बुटाखाली फिरतात.

पोरं हमखास विचारतात, रुंद तळव्याचा बूट चांगला ना? एक वीट घ्या. आडवी ठेवून ओढा, मग कडेवर उभी करून ओढा. काटा जवळपास सारखाच दाखवतो. घर्षण वजनावर अवलंबून असतं, टेकलेल्या क्षेत्रफळावर नाही. लिओनार्दो दा विंचीने हे पाचशे वर्षांपूर्वी वहीत टिपून ठेवलं होतं, पण वही वहीतच राहिली. १६९९ मध्ये आमोंतों नावाच्या फ्रेंच माणसाने ते पुन्हा शोधलं आणि १७८५ मध्ये कुलोम्बने आणखी बारकाईने तपासलं. रबर या नियमाला पूर्ण जुमानत नाही, मऊ रबर जमिनीच्या खाचाखोचांत शिरतं. म्हणून रुंद तळव्यापेक्षा मऊ, न झिजलेला, कोरडा तळवा शोधा. आणि शोभेला बूट पॉलिश केलात तर तळव्याला पॉलिश लागू देऊ नका. हसू नका, एकाने लावलं होतं.

संघ निवडताना साधा हिशेब

आठ जणांचं वजन जोडा, घर्षणांकाने गुणा. झालं.

समजा समोरच्यांचं सरासरी वजन ७० किलो, आठ जण मिळून ५६०. त्यांचे बूट ०.६ चे. जमीन त्यांना ३३६ किलोपर्यंत धरेल. आपले आठ जण ६० किलोचे, एकूण ४८०, पण बूट ०.७५ चे: ३६० किलो. ऐंशी किलो कमी वजन असूनही आपण पुढे. दोघांचे बूट सारखे असते तर मात्र वजनदार संघाला हरवणं कठीण होतं. म्हणूनच मोठ्या स्पर्धांमध्ये दंडाचा घेर मोजत नाहीत, आठ जणांचं एकत्र वजन मोजून गट पाडतात आणि बुटांचेही नियम असतात.

या बुटांवरून ऑलिंपिकमध्ये भांडण झालेलं आहे. १९०० ते १९२० या काळात रस्सीखेच ऑलिंपिकमध्ये होती. १९०८ साली लंडनला अमेरिकेचा संघ लिव्हरपूलच्या पोलिसांपुढे उभा राहिला आणि बघता बघता ओढला गेला. अमेरिकनांनी तक्रार केली की पोलिसांचे जड बूट बेकायदा आहेत. पोलिसांचं म्हणणं, हे तर आमचे रोजचे ड्युटीचे बूट. तक्रार फेटाळली गेली, अमेरिकन संघ स्पर्धा सोडून निघून गेला. सुवर्णपदक शेवटी लंडन सिटी पोलिसांना मिळालं, लिव्हरपूलवाले दुसरे आले. मला विचाराल तर अमेरिकनांनी तक्रार लिहिण्यात जेवढा वेळ घालवला तेवढ्यात आपले बूट बदलायचे.

उभं कसं राहायचं

नवखा माणूस रस्सी छातीशी धरतो, पाय जोडून ताठ उभा राहतो आणि कमरेतून मागे वाकतो. त्याचा हिशेब मांडू. रस्सी जमिनीपासून १.३ मीटरवर. शरीराचा भार टाचांच्या मागे फार तर ०.३ मीटर. वजन ६० किलो. रस्सी त्याला पुढे उलथवू बघते, वजन त्याला मागे खाली बसवू बघतं. दोन्ही समतोल राहतात तेव्हा ओढ निघते ६० × ०.३ ÷ १.३, म्हणजे १४ किलोच्या आसपास. त्याच्या पायाखालची जमीन ४५ किलो धरायला तयार आहे आणि हा १४ वरच पुढे कलंडतोय. दोन तृतीयांश जमीन फुकट.

आता तोच माणूस खाली उतरला. गुडघे किंचित वाकलेले, पाठ सरळ, रस्सी ०.७ मीटरवर, अंग मागे रेललेलं, भार टाचांच्या ०.५ मीटर मागे. ६० × ०.५ ÷ ०.७, जवळजवळ ४३ किलो. जमिनीने दिलेलं सगळं कामाला आलं.

इथे एक गैरसमज दूर करतो. खाली बसल्याने घर्षण वाढत नाही. वजन तेच, बूट तेच, घर्षण तेच. खाली उतरल्याने आपण उलथत नाही, एवढाच फायदा, आणि तो पुरेसा मोठा आहे. मात्र अगदी बूड टेकलं तर पंच बाद धरतात, आणि बसलेल्याला पाऊल टाकता येत नाही.

शिट्टीआधीच पूर्ण मागे रेलू नका. रेलणं ताणाबरोबर वाढवायचं असतं. ताण नसताना रेललात आणि समोरच्यांनी रस्सी जरा सैल दिली तर अख्खी रांग पत्त्यांसारखी मागे. हा डाव नियमात बसतो की नाही यावर दरवर्षी वाद होतो, पण पडलेला माणूस वाद घालायला उठेपर्यंत खेळ संपलेला असतो.

पाय खांद्याएवढे फाकवून, टाचा आत दाबून, बोटं थोडी बाहेर. मातीचं मैदान असेल तर नशीब समजा. तिथे नुसतं घर्षण नसतं, टाच मातीत रुतते आणि मातीचा ढेकूळच तुमच्या टाचेपुढे भिंत होऊन उभा राहतो. शिट्टीच्या आधी टाचेने खड्डा करू देतात का, हे पंचांना आदल्या दिवशीच विचारून घ्या. पावलं वीतभर, त्याहून मोठी नाही. एक पाय उचललेला असताना सगळा भार दुसऱ्यावर येतो, त्यामुळे एकूण पकड तशीच राहते, पण तो एकच पाय सुटला की दुसरा हवेत असतो.

हात, आणि एक गोष्ट जी कधीही करायची नाही

तळवे वर, दोन्ही हात जवळजवळ, रस्सी काखेखालून, दंड आणि बरगडी यांच्यामध्ये दाबलेली. ओढायचं हाताने नाही. हात म्हणजे नुसता हूक. कोपर वाकवून रस्सी छातीकडे खेचत राहिलात तर दीड मिनिटात दंड भरून येतात, आणि मिळालेलं काहीच नसतं. हात लांबच ठेवा, पायांनी जमीन ढकला.

घामेजलेला तळवा कोरड्या मातीने किंवा राखेने पुसा. रस्सी हातातून सरकू लागली तर घट्ट आवळून थांबवण्यापेक्षा सोडून पुन्हा धरणं बरं. उत्तरायणाला मांजा बोटातून सुर्रकन गेल्यावर काय होतं ते गुजरातेत वाढलेल्या कोणाला सांगायला नको. सरकणारी जाड रस्सीही तेच करते, फक्त बोटभर जागेऐवजी अख्ख्या तळव्यावर.

आता ती गोष्ट. रस्सी मनगटाला, हाताला किंवा कमरेला कधीही गुंडाळायची नाही. गाठ मारायची नाही. गुंडाळल्यावर पकड वाढते हे खरंच आहे, आणि धोका त्यातच आहे. गुरं बांधणारे दाव्याचे दोन-तीन वेढे खुंट्याला देतात आणि टोक नुसतं बोटांत धरतात, तरी उधळलेला बैल थांबतो. प्रत्येक वेढ्यागणिक घर्षणाची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. दोर आणि लाकूड यांचा घर्षणांक ०.३ धरला तर एका वेढ्यात साडेसहापट, दोन वेढ्यांत त्रेचाळीसपट, तीन वेढ्यांत पावणेतीनशेपटीहून जास्त. खुंट्याच्या जागी तुमचं मनगट असेल तर रस्सी ताणली गेल्यावर ते सोडवणं तुमच्या हातात राहत नाही.

१९९७ मध्ये तैपेईला दीड हजारांहून अधिक माणसांनी मिळून रस्सीखेच केली. नायलॉनची रस्सी तुटली आणि दोन माणसांचे हात खांद्यापासून तुटले. शल्यचिकित्सकांनी ते परत जोडले, ते नशीब. नायलॉन रबरासारखं ताणतं, ताणताना ऊर्जा साठवतं आणि तुटल्यावर ती सगळी एका क्षणात परत देतं. म्हणून रस्सी तागाची किंवा सुताची जाड घ्या. हातात मावेल पण बोटं अंगठ्याला जेमतेम टेकतील इतकी, घेर दहा-बारा सेंटिमीटर. मंडपवाल्याकडची निळी दोरी नको. आणि आठाला आठ, सोळाला सोळा ठीक. अख्खी पोळ (म्हणजे गल्ली) विरुद्ध अख्खी पोळ असला उत्साह नको.

रांगेतला शेवटचा माणूस वेगळा. त्याला आम्ही 'खुंटा' म्हणतो. त्याच्या काखेखालून रस्सी पाठीवरून तिरकी जाऊन विरुद्ध खांद्यावरून पुढे येते, उरलेलं टोक मोकळं सोडलेलं. वळसा अर्धाच, पण कपडा आणि दोर यांच्या घर्षणाने त्याची पकड तिप्पट-चौपट होते, आणि गाठ नसल्यामुळे तो कधीही सुटू शकतो. खुंटा निवडताना संघातला सगळ्यात जड आणि सगळ्यात शांत माणूस निवडा. दोन्ही गुण एकात नसतील तर शांत घ्या.

आवाज देणारा

फ्रान्समध्ये माक्स रिंगेलमान नावाचे एक शेती-अभियंते होते. माणसं एकेकटी दोर ओढतात तेव्हा किती ओढतात आणि घोळक्याने ओढतात तेव्हा किती, हे त्यांनी मोजलं आणि १९१३ साली छापलं. एकट्याचा जोर १०० धरला तर आठ जणांच्या संघात माणशी जेमतेम ४९ भरतो. अर्धा! काही जण 'सात जण आहेतच की' म्हणून अंग चोरतात, पण दुसरं कारणही आहे: सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत. तुम्ही ओढता तेव्हा तुमच्या पुढचा श्वास घेत असतो.

म्हणजे आठ जणांना एका तालात आणलं तर नवा माणूस न घेता संघ वाढतो. याला एक आवाज लागतो. आवाज देणारा रांगेबाहेर, समोरच्यांच्या पायांकडे बघत उभा. त्याचे शब्द तीनच: "धर", "थांब", "हैशा". 'धर'वर रस्सी ताठ. 'थांब'वर कोणीही ओढायचं नाही, नुसतं रोवून राहायचं. 'हैशा'वर सगळ्यांनी एकदम, एक वीत मागे. सरावात या शब्दांना फाटे फोडू देऊ नका. बडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिराच्या प्रा. माणिकरावांनी कवायतीच्या इंग्रजी आज्ञा टाकून देशी आज्ञा बसवल्या, त्यामागेही हेच असावं असं मला वाटतं. कानाला ओळखीचा शब्द पायापर्यंत लवकर पोचतो.

आमच्या मंडळातल्या बायकांचा संघ याबाबतीत पुरुषांच्या कैक पावलं पुढे आहे. त्या मिरवणुकीत लेझीम खेळतात. आठ पायांचा एक आवाज कसा काढायचा हे त्यांना शिकवावं लागलं नाही. पुरुषांना मी आता सरावाच्या पहिल्या तीन दिवशी बिनरस्सीचं नुसतं तालात पाऊल टाकायला लावतो. लाजतात, पण टाकतात.

'हैशा' केव्हा द्यायचा? समोरचे पाय बदलत असताना. त्यांच्यातल्या दोघातिघांची पावलं हवेत असतात त्या अर्ध्या सेकंदात. एरवी 'थांब'. रोवून उभं राहायलाही स्नायूंना दम लागतो, पण ओढण्यापेक्षा कमी. अधीर संघाला नुसतं थांबवून दमवता येतं.

रस्सीबाहेर

एवढं अंगवळणी पडलं की बाकीचे खेळही वेगळे दिसू लागतात. कुस्तीत आखाड्याच्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद घालतात ती अंग घासू नये आणि माती मऊ राहावी म्हणून. पण लढतीआधी पैलवान एकमेकांच्या खांद्या-मानेवर मूठभर माती टाकतात ती घामट अंगावर पकड यावी म्हणून. मल्लखांबाला उलट एरंडेल लावतात, कारण तिथे चढण्याइतकंच सरकताही यायला हवं. पट काढणं म्हणजे समोरच्याचा पाया काढून घेणं, आणि एकदा माणूस जमिनीवरून उचलला गेला की त्याचा सगळा जोर हवेत. कबड्डीतही तेच. १९२३ साली आमच्या हिंद विजय जिमखान्याने हुतूतूचे नियम छापले, पण चढाई करणाऱ्याला पकडताना त्याचा एक पाय वर उचलावा हे कोणत्याही मुलाला नियम न वाचता कळतं.

पंजा लढवणं हा जरा निराळा प्रकार. इथे तरफ चालते. दंडाचा स्नायू कोपरापासून चार-पाच सेंटिमीटरवर जोडलेला आणि तळवा तीस-पस्तीसवर, म्हणजे तळव्यावरच्या दहा किलोसाठी स्नायूला सत्तर-ऐंशी किलो ओढावं लागतं. समोरच्याच्या मुठीत जितकं वर, बोटांच्या बाजूला पकडाल तितकी तुमची तरफ लांब. हात आपल्या छातीजवळ ओढून घ्या, दुसऱ्या हाताने टेबल धरा. आणि एक इशारा: तोंड आणि खांदा हातापासून दुसरीकडे वळवून जोर लावू नका. दंडाचं हाड पिळवटून मोडतं, आणि ते मोडणारे बहुतेक नवखेच असतात. नजर आपल्या मुठीवर ठेवली की खांदा आपोआप सरळ राहतो.

आणि सयाजीबागेतल्या म्युझियममधला गामाचा दगड? मुलांना तिथे न्यावंच लागतं. १९०२ साली गामा पैलवानाने बडोद्यात १२०० किलोचा दगड उचलला असं सांगतात, उंची अडीच फूट. सगळ्या बाजूंनी अडीच फूट धरला तर घनफळ ०.४४ घनमीटर, दगडाची घनता पाण्याच्या २.७ पट, गुणाकार ११९० च्या आसपास येतो. आकडा अगदीच हवेतला नाही म्हणायचा. उचलणं म्हणजे नेमकं काय, हा माझा प्रश्न. एक कड उचलायला निम्मं बल पुरतं, फरफटायला घर्षणांकाएवढं, अधांतरी धरायला सगळं. मुलं यावर तासभर भांडतात. म्युझियमवाल्यांना ते फारसं आवडत नाही.

शेवटच्या दिवशीची गंमत

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सराव नको, स्नायूंना विश्रांती द्या. त्याऐवजी हे करा. गुळगुळीत पाइपचे दोन तुकडे घ्या, दोन-दोन फुटांचे, आणि एक सुती दोरी. पाइपांना टाल्कम पावडर चोळा. दोरीचं एक टोक एका पाइपाला बांधा, मग दोन्ही पाइपांभोवती चार वेळा नेऊन आणून मोकळं टोक बाहेर काढा. संघातले सगळ्यात दांडगे चौघे बोलवा. दोघांनी एक पाइप धरायचा, दोघांनी दुसरा, आणि एकमेकांपासून दूर ओढायचं. मोकळं टोक घरातल्या सगळ्यात लहान मुलीच्या हातात द्या.

ती हळूहळू ओढते आणि चौघे पैलवान एकमेकांकडे सरकू लागतात. दोरी जितक्या वेळा ये-जा करते तितक्या वेळा तिची ओढ पाइपांवर लागू होते. घर्षण त्यातला काही वाटा खातं, पण मिळवलेलं परत सुटूही देत नाही, त्यामुळे चौघांनी झटका दिला तरी पाइप मागे जात नाहीत. त्यांची बोटं मध्ये सापडू नयेत म्हणून हात पाइपांच्या टोकांना ठेवायला सांगा आणि शेवटची वीतभर जागा उरली की थांबवा.

मागच्या वर्षी दुसरीतल्या माझ्या नातीने हे केलं. चौघांत आमच्या संघाचा खुंटा होता, ब्याण्णव किलोचा. ती म्हणाली, "दादा, बूट काढून ओढ ना, मग अजून मजा येईल."